कासाबाईचा हात

त्या गावात भूत नव्हतं. करणी नव्हती, भानामती नव्हती, कुणाची नजरही नव्हती. हे त्या साऱ्या मुलखात मला एकट्याला ठाऊक होतं आणि आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बाप जिवंत होता तोवर बापाला नाही, आणि जिच्या नोकरीत केस पिकले त्या कंपनीला तर नाहीच नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला लिहिलं, की तेलाच्या धंद्यातल्या काही गमतीजमती लिहून पाठवा. गमती आहेत. एकदोन लिहितोही. पण लिहायला बसलो की गॅसबत्तीवाल्याच्या मागून ती बाई येऊन उभी राहते, डोक्यावर डबा आणि कमरेला पळी. तिला टाळून लिहिता येत नाही, असं या खेपेला लक्षात आलं. म्हणून तिचंच लिहितो.

वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. स्टेशनाच्या अंगाला, लहान रुळाच्या सायडिंगला लागून, आमच्या कंपनीचा डेपो होता. दोन उभ्या टाक्या, एक पंपघर, पत्र्याचं ऑफिस आणि भोवती तारेचं कुंपण. कंपनी परदेशी. पुढं सरकारनं ती ताब्यात घेतली, दरवाजावरच्या पाटीचा रंग बदलला आणि आतली माणसं होती तीच राहिली. तिचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिच्यावर ढकलायचा नाही.

मी अनसिंगकडचा. आमचं घर दीक्षा घेतलेलं. बापानं देव्हारा उचलून नदीत सोडला तेव्हा मी लहान होतो, पण त्याचं बोलणं लक्षात आहे. चुलती म्हणाली होती, देव गेले तरी पिंपळाखालच्या त्या बाईला नारळ द्या, ते भूत वाईट आहे. बाप हसला. म्हणाला, "देव सोडले आपन. आता भुतं कायले ठेवतं वो?" अशा घरातला मी, पगारावर लागलेला पहिला माणूस आणि त्या डेपोवरचा नवा बाबू. हे सांगायचं कारण पुढं कळेल.

आता धंदा कसा चालतो ते थोडक्यात. लोक विचारायचे, बाबू, घासलेट जमिनीतून निघते काय? मी म्हणायचो, जमिनीतून निघतं ते कच्चं तेल, काळं, दाट. रिफायनरीत ते तापवतात. तापलं की सगळ्यात हलकं आधी उडतं, ते पेट्रोल. त्याच्यामागून रॉकेल, मग डिझेल, आणि बुडाला उरतं ते डांबर. दुधाची साय कुठवर काढायची हे जसं घरधनीण ठरवते, तसं पेट्रोल कुठं संपवायचं आणि रॉकेल कुठून धरायचं, ही रेघ रिफायनरीवाले आखतात. रेघ हलली की रॉकेल बदलतं. कच्चं तेल दुसऱ्या देशाचं आलं तरी बदलतं. मुंबईला नाही तर समुद्रापार कुठं काय चाललंय, हे पेपरात यायच्या आधी आमच्या वऱ्हाडातल्या कंदिलांना कळायचं. काच काजळली की समजावं, तिकडं काहीतरी हललंय.

सत्तरच्या दशकात अरबांनी तेल आखडलं तेव्हा असंच झालं. कंपनीच्या परदेशातल्या रिफायनऱ्यांनी माल कमी केला, मुंबईची रिफायनरी मिळेल ते कच्चं तेल घेऊन चालवायला लागली, आणि आमच्याकडं जे रॉकेल आलं ते धुराचं आलं. वातीवर काळी फुलं धरायची. लोक डेपोवर भांडायला येऊ लागले.

रिसोडचा इस्माईलभाई लग्नाच्या वरातींना गॅसबत्त्या पुरवायचा. तो एक दिवस बत्तीतली काळीकुट्ट जाळी घेऊन आला आणि त्यानं ती टेबलावर टाकली.

"बाबू, ये क्या तेल दिया? वरातीत नवरदेव काळा दिसून राह्यला! पोरीचा बाप मांडवात म्हन्ते, आमी पाह्यला तो पोरगा हा नव्हे!"

"मग?"

"मंग काय? साबन मंगवला, नवरदेवाचं तोंड धुतलं, तवा लगन लागलं. साबनाचे पैसे कोन देईन?"

एक म्हातारबुवा यायचे. ते रॉकेल गुडघ्याला चोळायचे. त्यांची तक्रार अशी, की पूर्वीचं तेल गुडघ्यात उतरत होतं, हे वरच्यावरच राहतं. अशा सगळ्यांसाठी माझ्यापाशी एक उत्तर तयार होतं. मुंबईहून सूचना आली होती, की कच्च्या तेलाचं मूळ बदलल्यानं वासात आणि रंगात किरकोळ फरक जाणवेल, तेलात दोष नाही, ग्राहकांना दिलासा द्यावा. मी ते वाक्य पाठ केलं होतं. रिफायनरी बदलली आहे, तेलात दोष नाही. ऐटीत म्हणायचो. इस्माईलभाईलाही ऐकवलं. तो म्हणाला, "रिफायनरी गोऱ्या लोकायची अन् तोंड काळं आमचं," आणि हसत गेला.

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते पुढं एवढं कामाला आलं.

त्याच हिवाळ्यात पेट्रोलचे भाव भडकले. मोटारी उभ्या राहिल्या, पेट्रोलचे टाकीवाले रेल्वेडबे रिकामे पडले, आणि इकडं रॉकेलसाठी डबे पुरेनात. अकोल्याला मोठ्या रुळावरचं तेल लहान रुळाच्या डब्यांत उतरवून घ्यावं लागायचं. मग पेट्रोलचे डबे रॉकेलला लावले जाऊ लागले. याला नियम आहे. पेट्रोलचा डबा उघडा टाकायचा, वाफ द्यायची, पोटाखालची झडप सोडून थेंबन् थेंब निथळू द्यायचा, आणि मगच त्यात रॉकेल भरायचं. घाईत हे सगळं होतं असं नाही. डब्याच्या पोटाखाली एक आखूड नळी असते, तिथं जुनं पेट्रोल तुंबून राहू शकतं. ज्यानं तिकडं ते निथळू दिलं नाही त्याला मी ओळखतही नाही. पण आमच्याकडं त्याच्यासाठीच दुसरा नियम होता. आलेला माल आधी टाकीत घ्यायचा, सगळा एकत्र होऊ द्यायचा, एक रात्र मुरू द्यायचा, तपासायचा, मग पिंपं भरायची.

तो रेल्वेडबा आला त्या दिवशी कुंपणाबाहेर माणसंच माणसं होती. कित्येक दिवस रॉकेल नव्हतं. बैलगाड्या जुंपलेल्याच उभ्या, बैल रवंथ करतायत, माणसं ओरडतायत. सगळ्यात पुढं नामदेवभाऊ होता, किन्हीराजाच्या पलीकडच्या एका गावचा दुकानदार. त्या गावाचं नाव लिहीत नाही. दर हप्त्याला येऊन रिकाम्या पिंपांसकट परत जाणारा, शिवी न देणारा माणूस. मला त्याची दया आली. हे खरं सांगतो, दयाच आली.

मी पंपावरच्या गुलाबरावांना म्हणालो, "टाकीत नका घेऊ. थेट डब्यातून पिंपं भरा. नामदेवभाऊला पहिली द्या."

गुलाबराव म्हणाले, "तुमी साहेब, तुमी म्हनसान तसं."

झडप उघडली. डेपोवरच्या माणसांची एक सवय असते. पहिली धार तळहातावर घ्यायची आणि चोळायची. रॉकेल हातावर राहतं, ओशट, कोमट. पेट्रोल राहत नाही, उडून जातं, आणि जाताना हातातली ऊब घेऊन जातं. मी धार तळहातावर घेतली.

तळहात गार पडला.

दुपारचं ऊन होतं. मी हात झटकला, परत धार घेतली, परत गार. वास आला, तोही ओळखीचा. मी त्याच वेळी झडप बंद करायला पाहिजे होती. नमुना अकोल्याला पाठवायला पाहिजे होता. कुंपणाबाहेर पाहिलं तर नामदेवभाऊ दोन्ही हात जोडून माझ्याकडं बघत होता. माझ्या मनात ते वाक्य आलं. रिफायनरी बदलली आहे. वासात फरक जाणवेल. मी हात पँटला पुसला.

पहिली पिंपं नामदेवभाऊच्या गाडीत चढली. नंतर दोनचार गाड्या झाल्यावर मला राहवलं नाही, उरलेलं मी टाकीत घ्यायला लावलं. तिथं ते जुन्या मालात मिसळलं आणि निभावलं. नळीत तुंबलेलं पेट्रोल जवळजवळ सगळं पहिल्या पिंपांत गेलं होतं. म्हणून बाकी कुठूनही ओरड आली नाही. आली ती त्या एका गावातून.

नामदेवभाऊ थोड्याच दिवसांत परत आला. पिंपं न घेता. ऑफिसात येऊन उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही.

"बाबू, तुमचं घासलेट श्वास घेऊन राह्यलं."

मी हसलो. "म्हणजे काय करतं?"

"दिवा लावला का वात फुगते. काचीच्या वर येते. मंग खाली जाते, निळी पडते, इझली असं वाटते. अन् पुन्हा भस्सकन वर. जसं कोनी आत बसून दम घेऊन राह्यलं. लेकरं दिव्याजवळ जात नाईत."

पेट्रोल मिसळलेलं रॉकेल असंच जळतं. दिव्याचं पोट तापलं की आतली वाफ उसळते. मला सगळं एका क्षणात समजलं. त्या क्षणी मी एवढंच म्हणायला पाहिजे होतं, की नामदेवभाऊ, पळत जा आणि एकेका घरातलं तेल ओतून टाका.

मी नोकरीत अजून पक्का झालो नव्हतो. घरी बाप, आई, दोन बहिणी माझ्या पगाराकडं बघत होत्या. डब्यातून थेट पिंपं भरल्याचं कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी घरी असतो. मी म्हणालो, "रिफायनरी बदलली आहे, भाऊ. तेलात दोष नाही. वाती जरा आखूड ठेवायला सांगा."

"आखूड ठेवतो," तो म्हणाला. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

आता कासाबाईबद्दल. तिला मी तोवर पाहिलं नव्हतं. जे कळलं ते नंतर, नामदेवभाऊकडून. त्या गावात ज्यांना बाटलीभर रॉकेल एकदम घेणं जमत नसे त्यांच्या दारी कासाबाई डबा घेऊन जायची आणि पळीनं तेल घालायची. नामदेवभाऊच्या दुकानातून डबा भरून घ्यायची, दिवेलागणीच्या आधी निघायची. नुसतं तेल घालायची नाही. काच राखेनं पुसून द्यायची, वातीचं टोक कात्रीनं नीट करायची, दिवा लावून उंबऱ्यावर ठेवायची आणि पुढच्या घरी जायची. नवरा कधीच टाकून गेलेला, मूलबाळ नाही. पण तिच्या हाताला मान होता. नवी सून घरात आली की तिच्या खोलीतला पहिला दिवा कासाबाईनं लावायचा, अशी त्या गावात रीतच पडली होती. तिच्या हातचा दिवा फडफडत नाही, असं म्हणत.

त्या हिवाळ्यात दगडूजी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी सून आली. कासाबाईनं नवी चिमणी घासली, तेल घातलं, दिवा लावला, सुनेच्या हातात दिला. सून तो कोनाड्यात ठेवायला वळली आणि दिवा तिच्या हातातच फुटला.

ती वाचली नाही. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही.

तक्रार आली म्हणून कंपनीतर्फे मला जावं लागलं. नमुन्याची बाटली पिशवीत घेतली आणि एसटीनं किन्हीराजापर्यंत गेलो. तिथून नामदेवभाऊची गाडी. गावाच्या शिवारात शिरलो तेव्हा दिवस मावळला होता, आणि मला वाटलं की गावात काही सणबीण आहे.

सगळ्या गल्लीत दिवे होते. घरात एकही नव्हता. प्रत्येक घरानं आपला दिवा उचलून बाहेर आणला होता आणि गल्लीच्या मधोमध, दगडावर, घरापासून लांब ठेवला होता. घरं काळी. उघड्या दारांच्या आत, अंधारात, माणसं बसली होती. बाया, म्हातारे, मांडीवर लेकरं. सगळे आपापल्या दिव्याकडं टक लावून बघत होते, जसं अनोळखी जनावर अंगणात येऊन बसलंय आणि ते उठून जायची वाट बघायची आहे.

वारा नव्हता. आणि दिवे श्वास घेत होते. ज्योत फुगायची, गल्ली उजळायची, दारातले चेहरे दिसायचे. ज्योत बसायची, निळी पडायची, चेहरे जायचे. पुन्हा फुगायची. एक दिवा असा का जळतो हे मला माहीत होतं, कागदावर मांडून दाखवता आलं असतं. पण गल्लीतले सगळे दिवे एकाच वेळी फुगत होते आणि एकाच वेळी बसत होते. ते एका लयीत का, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही. मी भुतं न मानणाऱ्या घरातला माणूस. त्या गल्लीतून मी दिव्यांना वळसा घालत, भिंतीच्या कडेनं चाललो.

पाराजवळ माणसं जमली. दगडूजी मधे बसला होता, मुंडासं सोडून मांडीवर ठेवलेलं. नाल्याच्या पलीकडं, सगळ्यांपासून वेगळी, एक बाई उकिडवी बसली होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि बघत नव्हतं हे ध्यानात येत होतं.

दगडूजी म्हणाला, "साहेब, मी अडानी मानूस. मले एकच सांगा. तेलात काही हाय काय? हाय तं हाय म्हना. नाई तं नाई म्हना."

एवढा साधा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नाही. एरवी मी त्यांच्याच बोलीत बोलायचो. त्या दिवशी तोंडातून पुस्तकी मराठी आली.

"कच्च्या तेलाचं मूळ बदलल्यामुळे वासात किरकोळ फरक आहे. तेलात कोणताही दोष नाही."

दगडूजीनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. मग मागून कुणाचा तरी आवाज आला, मोठा नव्हता, रागाचाही नव्हता.

"तेलात नाई. मंग हातात हाय."

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. सगळ्यांनी पहिल्यांदा नाल्यापलीकडं पाहिलं.

मला वाटलं होतं की मी माझी नोकरी वाचवतोय. मी त्या वाक्यानं काय करून ठेवलं ते मला तिथंच, त्याच घटकेला दिसलं. मी तेव्हाही तोंड उघडू शकत होतो. बाटली पिशवीत होती. थोडं तेल दगडावर ओतून, काडी लांब धरून दाखवलं असतं तरी आंधळ्याला कळलं असतं. मी पिशवीचा बंद घट्ट धरून उभा राहिलो.

माणसं पांगली. नामदेवभाऊ बैल जुंपायला गेला. मी गाडीची वाट बघत उभा, तर ती बाई जवळ आली. हातात तिचा डबा होता. चाळिशीची असेल. चेहरा नीट दिसत नव्हता, मागचे दिवे फुगले की एक बाजू दिसायची.

"डेपोबाबू, मी तिकून आयकलं. तेलात नाई म्हनले तुमी?"

"नाही."

"इचारते, राग नका मानू. मी धा वर्सं झाले हेच करून राह्यली. तेल हाताले लागते ते मले समजते." तिनं पळी बुडवली, थोडं तेल स्वतःच्या तळहातावर घेतलं. "हे मले गार लागते, बाबू. पयले नव्हतं लागत. मले वाटलं, तेलच गार हाय. दगडूजीच्या सुनेचा दिवा भरला तवाबी लागलं. पन तुमी शिकले-सवरले, तुमी म्हन्ता तेल बराबर हाय. तं मंग माहा हातच गार पडला काय? मेल्या मानसाचा पडते तसा?"

नामदेवभाऊची गाडी येते का, ते मी बघितलं.

"तुमी पाहा ना," ती म्हणाली. तिनं माझा हात धरला, उताणा केला आणि पळीतलं उरलेलं तेल माझ्या तळहातावर ओतलं. "तुमाले लागते काय गार?"

बर्फाचा खडा ठेवावा तसं लागलं. मनगटापर्यंत गेलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला तेवढं एकच पाहिजे होतं, की दुसऱ्या कुणाचा तरी हात गार पडतो.

मी म्हणालो, "नाही. नाही लागत."

तिनं हात सोडला. "बरं," म्हणाली. लुगड्याच्या पदरानं माझा तळहात पुसला, लेकराचा पुसावा तसा, आणि गेली.

पुढचं नामदेवभाऊनं सांगितलं. कुणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसती दारं लागली. ती गल्लीतून निघाली की पुढची पुढची दारं लागत जायची. चुलीला विस्तव मागितला तर विझलाय म्हणायचे. मग एका सकाळी तिच्या झोपडीच्या उंबऱ्यावर डबा पालथा घातलेला दिसला, वर पळी ठेवलेली. ती नव्हती.

आणि मी काय केलं? नामदेवभाऊकडं उरलेली पिंपं मी गुपचूप परत आणवली. त्याला म्हणालो, तुमच्या समाधानासाठी बदलून देतो. चांगलं तेल दिलं. दिवे शांत झाले, घरात परत गेले. गावानं हिशेब मांडला. बाई गेली आणि दिवे शांत झाले. ज्याच्या मनात थोडी शंका होती त्याचीही मिटली. करणीचा पुरावा मी माझ्या हातानं, बैलगाडीत घालून, त्या गावाला पोचवला.

नामदेवभाऊ डेपोवर येऊन म्हणाला, "बाबू, तुमी बराबर सांगतलं होतं." मी त्याला चहा पाजला.

मी नोकरीत पक्का झालो. नंतर नाव काढलं म्हणायला हरकत नाही. माझ्या हाताखाली नळी निथळल्याशिवाय एकही डबा कधी रिकामा झाला नाही. पोरं मागून म्हणायची, साहेब झडपेला देवासारखे पुजतात. नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी दोन धारा तळहातावर घ्यायला लावायचो, एक रॉकेलची, एक पेट्रोलची. गार लागलं की लगेच ओरड, घाबरू नकोस, नोकरी गेली तर माझी जाईल, असं सांगायचो. त्यांना वाटायचं, साहेब कडक आहेत.

बरीच वर्षं गेली. रिसोडच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. संध्याकाळ होत आली होती. स्टँडच्या भिंतीला टेकून एक म्हातारी बोरं विकत होती. शेजारच्या भजेवाल्यानं गॅसबत्ती पेटवली, तशी ती आपली टोपली घेऊन उठली आणि उजेडाच्या बाहेर जाऊन बसली. भजेवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "ते बुढी अशीच हाय. उजीड दिसला का सरकते."

मी बोरं घ्यायला गेलो. का गेलो माहीत नाही.

"डेपोबाबू न?" ती म्हणाली.

चाळिशीची बाई इतक्या वर्षांत एवढी म्हातारी व्हायला नको होती. मी होय म्हणालो. वाटलं, आता ही शिव्या देईल. मी शिव्यांची वाट बघत होतो. आशेनं म्हटलं तरी चालेल.

"तुमी तवा खरं बोलले ते बरं झालं," कासाबाई म्हणाली. "मी तं तेलालेच बोल लावून राह्यलती. तुमी नसते आले तं मी अजून चार घरची लेकरं जाळली असती."

"तसं नाही..." मी म्हणालो.

"तसंच हाय. मले आता समजते. हात रातच्याले गार पडते अजून. त्या दिवसापासून मी कोनाच्या दिव्याले शिवली नाई. सोताच्याबी नाई. अंधारातच बरं. अंधाराचं काही जळत नाई." आणि हसली.

मी पैसे काढले. ती म्हणाली, "बोरं तुमीच उचलून घ्या. मी हातानं देत नसते."

मी वाकून टोपलीतून बोरं घेतली. कंडक्टरनं घंटी मारली. तोंडात वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं. तेलात होतं, कासाबाई. गाडी हलली आणि मी धावत जाऊन चढलो. पुढची गाडी तासाभरानं होती. एवढंच कारण.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम रिसोडला उतरलो. भजेवाला होता, भिंत होती. म्हणाला, "ते अंधारातली बुढी? गेली ना. थंडीत गेली."

आता त्या गावात वीज आहे. मध्ये तिकडचा एक मुलगा नोकरीसाठी शिफारस मागायला घरी आला होता. बोलता बोलता आमचा दिवाणखान्यातला बल्ब फट्कन गेला, आणि तो पोरगा सहज बोलून गेला, "कासाबाईचा हात लागला." मी विचारलं, ती कोण? म्हणाला, "काही नाई जी, आमच्या गावाकडं म्हन्तात. होती कोनी चेटकीन. तिनं हात लावला का दिवा फुटे." मी नवा बल्ब लावला. होल्डर तापलेला होता. तळहात गार पडला.

हे छापून येईल. त्या गावात दिवाळी अंक कोण वाचतं? आणि वाचला तरी लिहिणं वेगळं, सांगणं वेगळं, हे मला कळतं. मला जो प्रश्न विचारला गेला तो पारावर, सगळ्यांसमोर, तोंडानं विचारला होता. उत्तरही तिथंच, तोंडानं, त्यांच्याच बोलीत द्यायचं आहे. दगडूजीच्या नातवंडांसमोर. नामदेवभाऊ असला तर त्याच्यासमोर. वाशीमहून तिकडं जायला आता फार वेळ लागत नाही.

तेलात होतं. तिच्या हातात काही नव्हतं. माझाही हात गार पडला होता. एवढं त्या पारावर उभं राहून म्हणायचं माझ्यावर देणं आहे, आणि मी अजून गेलेलो नाही.